आजीसाठी शिवू या बेड जॅकेट

मुलांनो, आज रात्री एक गंमत करून पाहा. अंथरुणात शिरा आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घ्या. छान ऊब आली ना? आता उशीला टेकून बसा आणि गोष्टीचं पुस्तक उघडा. झालं! पुस्तक धरायचं तर हात बाहेर काढावे लागतात. हात बाहेर आले की पांघरूण घसरतं आणि खांदे उघडे पडतात. पाय गरम, खांदे गार! शाल घेतली तर पान उलटताना तीही एका बाजूनं निसटते. तुमचं काय, पाच मिनिटांत उठाल आणि स्वेटर चढवाल. पण ज्याला उठताच येत नाही, त्यानं काय करायचं?

गेल्या थंडीत हा प्रश्न आमच्याच घरी आला. माझ्या सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, त्या घरी आल्या. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दिवसातून दोन-तीनदा वॉकर धरून चार पावलं टाकायची, बाकीचा वेळ पलंगावर. दिवस होते डिसेंबरअखेरचे आणि आम्ही राहतो निफाडच्या बाजूला. थंडी पडली की वर्तमानपत्रात निफाडचा पारा किती उतरला ते छापून येतं, ते तुम्ही वाचलं असेलच. द्राक्षबागा गारठू नयेत म्हणून आमच्याकडे पहाटे बागांतून शेकोट्या पेटवतात. द्राक्षांची एवढी काळजी, मग माणसांचं काय विचारता!

पडताना सासूबाईंच्या उजव्या खांद्यालाही मार बसला होता. हात वर होत नव्हता, म्हणजे डोक्यातून घालायचा स्वेटर बाद. पुढून बटणांचा स्वेटर होता, पण त्याच्या बाह्या घट्ट. रक्तदाब मोजायचा पट्टा बांधायचा म्हटलं की तो अख्खा उतरवावा लागे, आणि तेवढ्यात त्या कुडकुडत. शेवटी त्यांनी हात बाहेर काढणंच सोडून दिलं. रोज वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी ही बाई, आता पेपर घडी न मोडता तसाच पडून राहू लागला. चहाची बशीसुद्धा कुणीतरी तोंडाशी धरायची. मला खरी काळजी वाटली ती याची. हाड काय, ते जुळत होतंच.

अशातच रद्दीच्या दुकानात मला एक जुनं इंग्रजी मासिक मिळालं. (शाळेसाठी चित्रं कापायला मी तिथं नेहमी जाते. दुकानदार मला बघून हल्ली आधीच गठ्ठा सोडून ठेवतो.) त्यात एका बाईचं चित्र होतं. ती पलंगावर उशांना टेकून बसली होती, आणि तिच्या अंगात कमरेपर्यंतचं, पुढून उघडं, सैल बाह्यांचं, गळ्याशी रिबिनीनं बांधलेलं एक छोटंसं जाकीट होतं. खाली नाव होतं, बेड जॅकेट. म्हणजे अंथरुणात बसून घालायचं जाकीट!

आता तुम्ही म्हणाल, असा वेगळा कपडा कशाला हवा? त्याचं कारण तिकडच्या घरांत आहे. इंग्लंड-अमेरिकेत आता सगळं घर एकदम गरम ठेवायची सोय असते. पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुष्कळ घरांत ती नव्हती. एखाद्या खोलीत शेकोटी असे आणि झोपायच्या खोल्या गारठलेल्या. सकाळी अंथरुणातच चहा घ्यायचा, पत्र लिहायचं, पुस्तक वाचायचं, तर खांदे झाकायला काहीतरी हवंच. फ्रेंच लोकांनी तर या कपड्याला नावच दिलं 'लिझ्यूझ', म्हणजे वाचणारी! शिवाय बाळंतिणीला आठ-दहा दिवस अंथरुणातच ठेवायची तिकडच्या रुग्णालयांची तेव्हा पद्धत होती. भेटायला पाहुणे येणार, तर झोपायच्या कपड्यांवर काहीतरी नीटनेटकं हवं. म्हणून मग बायका मऊ लोकरीची जॅकेटं विणत, फ्लॅनेलची शिवत, आणि श्रीमंतांकडे रेशमाची, लेस लावलेली असत. पुढे घरं गरम झाली, डॉक्टर रोग्यांना लवकर चालवू लागले आणि बेड जॅकेट मागे पडलं.

याचा एक आणखी जुना भाऊबंद आहे, तो मला फारच आवडला. त्याचं नाव 'नाइटिंगेल'. बरोबर ओळखलंत, फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचंच नाव! क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली ३८ परिचारिकांना घेऊन त्या तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलं असेल. रोग्याच्या खोलीत मोकळी हवा खेळती राहिलीच पाहिजे, पण रोग्याला गारठा मात्र लागता कामा नये, असं त्या आपल्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात बजावून सांगतात. खिडकी उघडी ठेवायची आणि रोग्याला ऊबही द्यायची! मग खांद्यावर काहीतरी हवंच ना? १८८२ साली लंडनमध्ये निघालेल्या शिवणकामाच्या एका कोशात हा 'नाइटिंगेल' कसा करायचा ते दिलं आहे. दोन वार फ्लॅनेल घ्यायचं. त्याच्या एका लांब कडेच्या बरोबर मधोमध सहा इंच सरळ चीर द्यायची. तिथं मान. चिरेची टोकं बाहेर दुमडली की झाली कॉलर, आणि पुढचे दोन कोपरे दुमडले की झाल्या मनगटाच्या पट्ट्या. बाह्या नाहीत, शिवण जवळजवळ नाहीच. घरात जुनी, फाटकी चादर असेल तर आईला विचारून करून बघा. पण आधी विचारा हं!

आम्हीही आधी तेच करून पाहिलं. पण हात हलवले की ते पुढून उघडं पडायचं. तेव्हा ठरवलं, बाह्यांचं जॅकेटच शिवायचं. माझी लेक पाचवीत आहे. तिला सुट्टी होती, मलाही. मी काही शिवणक्लास केलेली नाही. डी.एड.ला कार्यानुभवात जेवढं शिकले तेवढंच. म्हणूनच सांगते, हे तुम्हालाही जमेल.

पहिलं जॅकेट मात्र पार फसलं. का फसलं ते आधी सांगते, म्हणजे तुमचं कापड वाया जायचं नाही.

आम्ही त्या चित्रातलंच हुबेहूब करायला गेलो. लांबी केली नितंबांपर्यंत, गळ्याला बाजारातून आणलेली लेस, पुढे टिचबटणं आणि खाली उजव्या बाजूला चष्म्यासाठी खिसा. दिसायला छान झालं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी घातलं. दोन दिवसांनी अंग पुसून देताना लेकीला त्यांच्या पाठीवर लाल वळ दिसले. जॅकेटची लांब पाठ बसल्यावर खाली गोळा होत होती, आणि त्या दिवसभर त्या चुण्यांवर टेकून बसत होत्या. अंथरुणात पडून असलेल्या माणसाला अशी चुणीसुद्धा खूप त्रास देते. एकाच जागी दाब बसत राहिला तर कातडी दुखावते, जखमही होते. लेस गळ्याला टोचत होती. टिचबटणं दाबायला बोटांत जोर लागतो, तो त्यांच्या सांधे धरलेल्या बोटांत नव्हता. आणि खिसा? कुशीवर वळल्या आणि चष्म्याची काडी मोडली!

"आजी, तू सांगितलं का नाहीस?" लेकीनं विचारलं.

"एवढं हौसेनं शिवलंत, नावं कशी ठेवू?" त्या म्हणाल्या. आणि मग जरा थांबून, "आणि विचारलंत कुठं मला? लहान बाळाला झबलं घालतात तसं घातलंत."

मला हे फार लागलं. वर्गात मी मुलांना रोज सांगते, आधी समोरच्याला विचारा. आणि घरात स्वतःच विसरले. त्या दिवशी लेक टेप, वही आणि पेन्सिल घेऊन पलंगाशी जाऊन बसली, आणि दुसरं जॅकेट आजीनं सांगितलं तसं बेतायला घेतलं.

तर आता मापं. माप घ्यायचं ते माणूस बसलेला असताना, कारण हा बसून घालायचा कपडा आहे. मानेशी खांद्यावर टेपचं टोक धरा आणि पाठीवरून खाली गादीपर्यंत मोजा. आमच्याकडे २३ इंच आले. त्यातून चार बोटं, म्हणजे ३ इंच वजा करा. राहिले २०. ही तयार जॅकेटची लांबी. ती गादीला टेकणार नाही, म्हणजे चुण्या पडायचा प्रश्नच मिटला. मग छातीचा घेर मोजा. आमचा ३६ इंच. शेवटी मानेच्या मध्यापासून खांद्यावरून हाताच्या कोपराखाली दोन-तीन बोटांपर्यंत. हे २२ इंचांच्या आसपास येतं. बाही मनगटापर्यंत नकोच. हात धुताना भिजते, आमटीत बुडते.

कापड कुठलं घ्यायचं? सुती फ्लॅनेल. दुकानात 'बाळाच्या दुपट्याचं कापड' म्हणालात तरी दुकानदार बरोबर काढून देईल. पन्हा ४४ इंच असेल असं पाहा, आणि सव्वा मीटर घ्या. पन्हा कमी असला तर बाहीला पुढे पट्टी जोडता येते. रंग आजीला विचारा. आम्ही फिका गुलाबी आणणार होतो, आजींनी मागितला गर्द निळा. "डाग दिसत नाहीत, आणि मी काही कुकुलं बाळ नाही!" कापड आणल्याबरोबर कापू नका. रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. आटायचं ते आधीच आटू दे. नाहीतर शिवताना बरोबर बसलेलं जॅकेट धुतल्यावर तुमच्या धाकट्या भावाला होईल.

आता वर्तमानपत्राचा पूर्ण उघडलेला कागद घ्या. कापडावर कात्री चालवण्याआधी कागदावर चालवायची. कागद चुकला तर रद्दीत जातो, कापड चुकलं तर आईची बोलणी! कागदी नमुन्यावरून घरोघरी कपडे शिवायची सोय अमेरिकेत एका शिंप्यानंच मोठ्या प्रमाणावर काढली, बरं का. एबनेझर बटरिक त्याचं नाव. १८६३ साली त्यानं पातळ कागदाचे, वेगवेगळ्या मापांचे नमुने विकायला सुरुवात केली. आपला नमुना फुकट आहे, एवढाच फरक.

कागदावर २२ इंच रुंद आणि २१ इंच उंच चौकोन आखा. (उंचीत १ इंच जास्त का? खालची कड दुमडायला. कागद पुरला नाही तर दुसरा चिकटवा.) चौकोनाची वरची कड म्हणजे खांदा. डावी कड म्हणजे अंगाचा मध्य. वरचा डावा कोपरा म्हणजे मान. तिथून वरच्या कडेवर उजवीकडे ३ इंचांवर एक खूण, आणि डाव्या कडेवर खाली १ इंचावर दुसरी. दोन्ही गोलाईनं जोडा. हा मागचा गळा.

आता छातीचं गणित. ३६ चा पाव भाग किती? चौथीतल्यांनीही सांगावं. ९! त्यात सैलपणासाठी अडीच इंच आणि शिवणीसाठी अर्धा इंच मिळवा. झाले १२. शिवणीच्या बाहेर जे जादा कापड सोडतात, त्याला शिवणकामात 'माया' म्हणतात. माया ठेवली नाही तर शिवण उसवते, आणि पुढे कपडा सैल करायची सोयही राहत नाही. कंजूषपणा करू नका.

खालच्या कडेवर डावीकडून १२ इंचांवर खूण करा. तिथून सरळ वर रेघ काढा, आणि वरच्या कडेपासून १० इंच खाली राहील तिथं थांबा. ही काख. उजव्या कडेवर वरून ८ इंचांवर आणखी एक खूण करा. ती बाहीची रुंदी. ती खूण आणि काख रेघेनं जोडा, पण काखेत टोकदार कोन ठेवू नका, पाण्याच्या मोठ्या वाटीच्या कडेसारखा गोल करा. कोन असला की नेमका तिथंच कपडा फाटतो. अंगाला सलग जोडूनच कापलेल्या अशा बाहीला शिवणक्लासात 'मग्यार बाही' म्हणतात. सोळा इंच घेराची बाही तुम्हाला डगळ वाटेल. पण त्या बाहीतून रक्तदाबाचा पट्टा वर सरकतो, दुखरा हात न वाकवता आत जातो. म्हणून ती तशीच हवी.

नमुना कापून झाला की कापड पसरा. लांबीतून ४२ इंच घ्या. वरची कड खालच्या कडेवर आणा, एक घडी. मग डावी-उजवी जोडा, दुसरी घडी. आता चार पदर झाले. दोन्ही घड्या ज्या कोपऱ्यात मिळतात, तिथं नमुन्याचा मानेचा कोपरा ठेवा. हे चुकलं तर जॅकेटची दोन शकलं होतील, म्हणून दोनदा तपासा. टाचण्या लावा. किती लावल्या ते वहीत लिहून ठेवा! हा कपडा अंथरुणात जाणार आहे, शेवटी तेवढ्याच टाचण्या डबीत परत आल्या पाहिजेत. आम्ही २४ लावल्या आणि २३ मिळाल्या. ती एक सापडेपर्यंत लेकीला मी जेवायला उठू दिलं नाही. (सतरंजीत होती.)

चार पदर एकदम कापायला मोठी कात्री आणि मोठ्यांचा हात हवा. तिथं हट्ट करू नका. कापून झाल्यावर कापड उघडा. हे झालं एक भलंमोठं 'टी' अक्षर, खांद्यांवर दुमडलेलं. वरच्या पदराला, फक्त वरच्याच, मधल्या घडीवरून खालपासून गळ्यापर्यंत सरळ कापा. ही पुढची बाजू. पुढचा गळा थोडा खोल हवा, म्हणून मध्यावर ३ इंच खाली येईल असा गोल कापा. बाह्यांखालून चार तुकडे उरतील, ते टाकू नका.

आता सुई-दोरा. सुलट बाजू आत ठेवून बाहीच्या टोकापासून काखेपर्यंत आणि काखेपासून खालपर्यंत दोन्ही कुशी शिवा, कडेपासून अर्धा इंच आत. मशीन असेल तर उत्तमच. नसेल तर हातानं टीप घाला, म्हणजे एक टाका पुढे आणि पुन्हा निम्मा मागे. नुसता धावदोरा घातला तर ओढ बसून तुटतो. काखेच्या गोलाईत मायेला दोन-तीन बारीक चिरा द्या, टिपेपर्यंत पोचणार नाहीत अशा. म्हणजे उलटवल्यावर काख ओढली जात नाही. आम्ही एक चीर टिपेपलीकडे दिली आणि पुन्हा शिवत बसलो.

पुढच्या दोन्ही कडा, बाह्यांची टोकं आणि खालची कड दुमडून हेम घाला. याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कंटाळवाणं काम आहे, रेडिओ लावून करावं.

गळ्याची गोष्ट मात्र मजेची आहे. खिशातला सुती रुमाल काढा. त्याची वरची-खालची कड धरून ताणा. ताणत नाही. डावी-उजवी धरून ताणा. तरी नाही. आता समोरासमोरचे कोपरे धरून तिरपा ताणा. ताणला की नाही? कापडात उभे आणि आडवे धागे असतात. धाग्याच्या दिशेनं ओढलं तर धागा दाद देत नाही. तिरपं ओढलं की चौकटी तिरक्या होतात आणि कापड लांबतं. म्हणून गोल गळ्याला सरळ पट्टी लावली तर चुण्या पडतात, आणि तिरपी, म्हणजे उरेब पट्टी लावली की ती अशी वळते की जणू गळ्यासाठीच जन्मली! जुन्या मऊ सुती साडीतून सव्वा इंच रुंदीच्या तिरप्या पट्ट्या कापा आणि जोडून ४० इंच लांब करा. पट्टीचा मध्य पाठीच्या मध्याला लावून गळ्याला गोट शिवून घ्या. दोन्हीकडे जी टोकं उरतील ती चौघडी दुमडून शिवली की तेच झाले बंद. लेस नाही, टोचणं नाही. छातीपाशी आणखी बंदांची एक जोडी लावा. बाराबंदीला असतात तसेच, फक्त दोनच! गाठ मात्र सुरगाठ मारायची, टोक ओढलं की सुटणारी. आजारी माणसाला स्वतःचा कपडा स्वतः सोडता आला पाहिजे.

आमच्या आजींनी सोडून दाखवला, पाच वेळा.

राहिला खिसा. उरलेल्या तुकड्यातून सहा बाय सात इंचांचा कापा. तो कुठं लावायचा ते लेकीनं शोधून काढलं. ती स्वतः पलंगावर आडवी झाली, दोन्ही कुशींवर वळून पाहिलं आणि म्हणाली, "वर, छातीवर, डावीकडे." उजव्या हातानं सहज पोचतं, आणि अंगाखाली काही येत नाही. चष्मा, रुमाल, जपमाळ, सगळं मावतं. हा खिसा तिनं स्वतः शिवला. टाके कसले, कोंबडीचे पाय! पण घट्ट.

एक महत्त्वाचं. फ्लॅनेलवर जी मऊ लव असते ती विस्तवाला फार लवकर धरते. ही सैल बाह्यांची वस्तू घालून शेगडी, हीटर किंवा देवाच्या दिव्याजवळ कुणी जायचं नाही. धुवायला साधं कोमट पाणी पुरे. आणि शक्य तर दोन शिवा. एक वाळत असताना दुसरं अंगात. मापं आता वहीत आहेतच, दुसऱ्याला निम्मा वेळ लागतो.

निळं जॅकेट घातल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले, तर सासूबाई पेपर वाचत होत्या. पाठीला उशी, छातीवरच्या खिशातून चष्म्याचं घर डोकावत होतं. त्यांनी स्वतःच हात पुढे करून बशी घेतली. नजर पेपरावरूनच, "साखर कमी झाली आहे," म्हणाल्या. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आठवड्यानं जॅकेट धुवायला काढलं तेव्हा लेकीच्या लक्षात आलं की डाव्या बाहीचं हेम बदललंय. आमचे टाके बोटभर अंतरावर होते. तिथं आता तांदळाच्या कणीएवढे, एकसारखे, मोजून घ्यावेत असे टाके होते. आजींनी दुपारच्या वेळी सुई-दोरा मागवून घेतला होता, शेजारच्या काकूंकडून, आम्हाला न कळू देता.

"खिसापण उसवलास का गं आजी?" लेकीनं घाबरून विचारलं.

"खिशाला हात लावला नाही," त्या म्हणाल्या. "तो तुझा आहे. पण बस इकडे, हेम कसं घालतात ते बघ एकदा."